एक जूनची लेकरं

दरवर्षी एक जूनला सकाळी सहाच्या आतच माझा फोन थरथरायला लागतो आणि मी तो हातात घेत नाही. अंगणात जातो, तुळशीला पाणी घालतो, घातलेल्या तुळशीला पुन्हा घालतो. मोटारसायकल पुसतो. बायको आतून म्हणते, "अहो, तुमच्या लेकरांचा वाढदिवस आलाय, बघा तरी." मी ऐकलं नाही असं दाखवतो.

गंगाखेड तालुक्यात राणीसावरगावच्या पुढे एक वस्ती आहे. तिथल्या दोन शिक्षकांच्या शाळेत मी नोकरीची पहिली अकरा वर्षं काढली. तिथली त्या वेळची मुलं आता पंचविशी-पस्तिशीत आहेत. कुणी शेती करतं, कुणी पुण्याला गाडी चालवतं, कुणी कारकून झालंय. त्यांनी फोनवर एक ग्रुप केलाय आणि मलाही त्यात घेतलंय. एक जूनला त्या ग्रुपवर नुसती धमाल असते, कारण निम्म्याहून जास्त जणांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. "तुला बी शुभेच्छा, मला बी शुभेच्छा." "केक एकच आणा रे, नावं लिवायला मोठा आणा." मागे एकानं लिहिलं होतं, "गुरुजींनी एका दिवसात एवढी बाळंतपणं केली, दवाखान्यातल्या डॉक्टरला बी जमायची न्हाईत." त्यावर सगळे हसले. मीही हसणारा चेहरा टाकला होता.

कारण सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी आमच्याकडं जन्माची नोंद कुणी फारशी करत नसे. लेकरू सहा वर्षांचं झालंसं वाटलं की आईबाप शाळेत घेऊन यायचे आणि जन्मतारीख गुरुजी टाकायचे. जूनमध्ये शाळा भरते, तेव्हा एक जूनला सहा पूर्ण झाली असं लिहिलं की हिशेब सोपा पडतो. माझीही तारीख एक जूनच आहे, माझ्या गुरुजींनी टाकलेली. त्यामुळे मी निवृत्त होईन ते एकतीस मेला. आमच्या खात्यात त्या दिवशी निरोपाच्या समारंभांना हार कमी पडतात.

हे सगळं गमतीचं आहे आणि मी इतकी वर्षं ते गमतीतच सांगत आलो. आता मला ते तसं सांगता येत नाही. का, ते लिहायला बसलोय.

आधी माझ्या वहीबद्दल सांगतो. शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो आणि फळ्यावर दिनविशेष लिहिला जातो, म्हणजे त्या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. बहुतेक जण पुस्तकातून उतरवतात. मी नोकरीला लागल्यापासून स्वतःची वही केली. जाड, पुठ्ठ्याची, वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान. वर इतिहास, मधे काही गमतीची माहिती, आणि खाली एक चौकट: 'आज काय करू या'. तिथं त्या दिवसाला जोडून हाताचं एखादं काम. चौदा जानेवारीच्या पानावर पतंगाच्या कामट्या कशा तासायच्या ते. सतरा सप्टेंबरच्या पानावर मराठवाडा मुक्त झाला त्याची माहिती, आणि वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलेली रझाकाराच्या वेळची हकिकत. पोळ्याची तारीख दरवर्षी सरकते म्हणून मातीच्या बैलांचं पान वेगळं, मागे चिकटवलेलं. वहीची तालुक्यात चर्चा झाली. इतर शाळांचे शिक्षक येऊन पानं उतरवून न्यायचे आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वहीत एकच पान कोरं होतं. एक जूनचं. त्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी असते, फळ्यावर काही लिहायचं नसतं, म्हणून मी ते कधी भरलंच नाही. निम्म्या शाळेचा जन्म ज्या तारखेला मी घातला, तिचं पान कोरं. हे इतक्या वर्षांत माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. नुकतंच लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले, राणीसावरगावात एक खोली घेऊन राहत होतो. जूनच्या शेवटी आमच्या हेडगुरुजींनी पट मोजला आणि मला बोलावून म्हणाले, "एक लेकरू कमी पडायलंय. तुमचीच खुर्ची हाय ती. बघा काय करायचं ते." दुसऱ्या शिक्षकाची जागा पटावर ठरते. एक नाव कमी म्हणजे मी जादा झालो, आणि जादा शिक्षकाला जिल्ह्यात कुठंही टाकतात. पार पूर्णेकडं, चुडाव्याच्या बाजूला जागा रिकाम्या आहेत असं ऐकत होतो. पोटुशी बायको घेऊन तिकडं नव्यानं खोली शोधायची, या विचारानं मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी एक बाई लेकीला घेऊन आली. वस्तीच्या कडेला दोन एकर रान होतं त्यांचं. बाई माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, पण मी तिला मावशीच म्हणायचो. मुलगी तिच्या लुगड्यामागं उभी होती.

"गुरुजी, हिचं नाव नगा लिवू," ती म्हणाली. "नुसतं बसू द्या. मी खुरपायला जायलेय, घरी कोण न्हाई. नाव फुडल्या साली लिवा."

"का बरं? लिहू की."

"न्हाई, अजून सहाची न्हाई ती. येळवशीला झालीय."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. सगळं गाव रानात जातं, कडब्याची खोपटीसारखी कोपी करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते आणि सगळे तिथंच जेवतात. बाई सांगायला लागली की त्या दिवशी आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन ती रानात गेली, पूजेआधीच कळा सुरू झाल्या आणि लेक त्या कोपीतच झाली. मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक दोरी काढली. अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, हातानं वळलेली, बोटाएवढी जाड. तिला पाच गाठी होत्या.

"आमच्या आजीकडं असंच करायचे. सालगिरा म्हणायचे. दर सालाला एक गाठ. ह्या बघा, मोजा. पाच येळवशी झाल्या. सहावी अजून यायचीय."

मी मोजल्या. पाचच होत्या.

पूर्वी वयाची एक परीक्षा घेत असत. लेकरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात पोचला तर सहा झाली. मी मुलीला ते करायला सांगितलं. तिची बोटं कानाच्या वरच, केसांत राहिली. मी तिच्या जवळ गेलो, तिचं डोकं जरासं तिरकं केलं आणि बोटं कानाला टेकवली.

"पोचला की," मी म्हणालो.

"तुमी पोचीवला," बाई म्हणाली.

ती हसत म्हणाली होती. मीही हसलो. मग मी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहिलं, सहा वर्षं आधीचं. म्हणजे मुलीला सात महिन्यांनी मोठी केली. बाईला वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिलं ते तिनं विचारलं आणि मी सांगितलं.

"न्हाई न्हाई गुरुजी, येळवशीची हाय ती! येळवसच लिवा. कुठलं साल ते तुमी काढा, तुमच्यापाशी कॅलेंडर हाईत."

मी म्हणालो, "मावशी, दोरीवर शाळा चालत नाही. आणि काय फरक पडतो?"

तिनं अंगठा लावला. पट पूर्ण झाला. माझी खुर्ची राहिली. त्याच साली माझा मुलगा झाला, आणि त्याच्या जन्माची तारीख, वार आणि वेळ मी माझ्या वहीत लाल शाईनं लिहिली.

मुलगी हुशार निघाली. वहीतल्या 'आज काय करू या' मध्ये एकदा दोरी वळायचं काम होतं. वर्गातल्या कुणालाच पीळ बसेना. तिनं वाख मांडीवर धरून तळव्यानं एका झपाट्यात दोरी वळली. मी तिला शाबासकी दिली. ती दोरी आणि तिच्या आईची दोरी, दोन्हींचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. हे असं न येणं किती सोयीचं असतं!

पुढे माझी बदली झाली, आणखी दोन झाल्या. आता झरीच्या बाजूला एका शाळेवर मुख्याध्यापक आहे आणि परभणीत राहतो. मागच्या साली दिवाळी संपून शाळा उघडल्याला दोनच दिवस झाले होते. परिपाठ चाललेला, आणि फाटकातून एक बाई आत आली. फळ्यासमोर थांबून तिनं दिनविशेष पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "गुरुजी, अक्षर तसंच हाय."

आवाजावरून ओळखलं, ती येळवशीला झालेली मुलगी. लग्न तिचं गावातच झालंय, हे मला ग्रुपवरून माहीत होतं. ऑफिसात बसवलं, चहा मागवला. तिनं चहा घेतला नाही, सरळ बोलायला लागली.

वस्तीवरच्या अंगणवाडीत सेविकेची जागा किती तरी वर्षांनी निघाली होती. गावातलीच बाई पाहिजे आणि वयाची पस्तीस वर्षं पूर्ण झालेली नकोत. तिनं बारावी केली होती. आधीच्या सेविकाबाई आजारी असायच्या तेव्हा हीच लेकरं सांभाळायची, गाणी शिकवायची, खिचडी वाढायची. सगळी वस्ती धरून चालली होती की जागा हिचीच. "पण कागदावर मला एक जूनलाच पस्तीस झाली," ती म्हणाली. "खरी तर अजून दोन महिने हाईत. येळवशीला झालेय मी. जुनं पंचांग बघितलं, त्या साली येळवस जानेवारीत आली व्हती."

"मग?"

"हापिसात साहेब म्हणले, ज्यांनी तारीख टाकली त्या गुरुजींचं लेखी आणा, आईनं काय सांगितलं आणि गुरुजींनी काय लिवलं ते. मग अर्ज घेऊन वर पाठवतो. परवा शेवटची तारीख हाय."

मी म्हणालो, "उद्या ये. लिहून ठेवतो."

आज का नाही लिहिलं? एक पान होतं. पाच मिनिटांचं काम. ती समोर बसली होती, बसनं चार तास येऊन. पण तिच्यासमोर खरं लिहायचं म्हणजे तिनंच ते आधी वाचायचं. मी म्हणालो, रजिस्टरचा तपशील आठवून लिहावं लागेल, घाई नको. तपशील मला पूर्ण आठवत होता. पाच गाठी, केसांत राहिलेली बोटं, सगळं.

ती परभणीत मावसबहिणीकडं राहिली आणि मी तो दिवस इकडून तिकडं फिरण्यात घालवला. वर्गावर गेलो, शिकवलं नाही. पोषण आहाराचा तांदूळ उगीच परत बघून आलो. चारच्या सुमारास एका जुन्या मित्राला फोन केला, तोही मुख्याध्यापक.

"लेखी? कशापायी?" तो म्हणाला. "पट वाढवायला वय वाढवलं असं हातानं लिहून द्यायलात? चार वर्षं राहिलीत तुमची. चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकतील. अहो, सगळ्यांनीच केलंय. मी तर एका घरातल्या दोन भावांना एकाच सालात एक जून दिलाय. ते आता जुळे म्हणून फिरायलेत!"

तो मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही, पण त्याचं म्हणणं मी उचललं. घरी येऊन लिहायला बसलो. बायको म्हणाली, "काय लिहिताय एवढं? चार कागद फाडले." मी म्हणालो, दिनविशेष. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती आत गेली.

शेवटी जे लिहिलं ते असं: 'सदर विद्यार्थिनीच्या प्रवेशाच्या वेळी पालकांना निश्चित जन्मतारीख सांगता न आल्याने ती प्रचलित पद्धतीनुसार अंदाजे नोंदविण्यात आली.' खाली सही, शिक्का. वाचून बघितलं. खोटं वाटत नव्हतं. त्यात 'मी' कुठंच नव्हता, तारीख 'नोंदविण्यात आली' होती. हजारो कागदांवर मी ही भाषा वापरली आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानं वाचला. परत वाचला.

"गुरुजी, आईला सांगता आलं व्हतं."

मी म्हणालो, "असंच लिहायची पद्धत असते. याच्यानं काम होईल."

"आईनं दोरी दाखवलेली तुमाला."

"दोरी कागदावर कशी लिहिणार, बाई?"

मुलांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. तिनं कागदाची बारीक घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "उद्याच शेवटची तारीख हाय, म्हणून नेतेय." मग वाकून पाया पडली. मला ते सहन झालं नाही. नको म्हणेपर्यंत तिनं केलं होतं.

अर्ज घेतला गेला नाही. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. सोबत तिनं आईचं शपथपत्र जोडलं होतं, त्यात येळवस, कोपी, गाठी सगळं होतं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आई म्हणती मी सांगितलं, गुरुजी म्हणतेत सांगता आलं न्हाई. आता कुणाचं खरं धरू? म्हणले, गुरुजी तर शिक्का मारून सांगायलेत." मग ती म्हणाली, "आईच खोटी पडली, गुरुजी."

महिन्याभरात यादी लागली. जागा वस्तीतल्याच दुसऱ्या मुलीला मिळाली. तीही माझीच विद्यार्थिनी, चांगली मुलगी. तिचीही जन्मतारीख एक जून, माझ्याच हातची. तिचं खरं वय काय ते मला माहीत नाही, तिलाही नसेल. यात तिचा काय दोष? मी तिलाही फोन करून अभिनंदन केलं आणि फोन ठेवल्यावर कपाळ धरून बसलो.

त्या दिवसांत माझं कशातच लक्ष लागेना. फळ्यावर तारीख लिहायला गेलो की खडू थांबायचा. अमक्याचा जन्म, तमक्याचा जन्म, सगळे जगप्रसिद्ध. त्यांच्या तारखा मी तीन-तीन पुस्तकांत पडताळून घेत होतो. एका संशोधकाच्या जन्मतारखेत दोन पुस्तकांमध्ये एका दिवसाचा फरक होता म्हणून मी तरुणपणी जिल्हा ग्रंथालयात जाऊन आलो होतो. आणि समोर उभी असलेली आई दिवस सांगत होती, तर तिला म्हणालो काय फरक पडतो.

मग मी दुसरा कागद लिहिला. यात 'मी' होता. पालकांनी नाव लिहू नका असं सांगितलं होतं. जन्म वेळ अमावास्येचा आहे हे स्पष्ट सांगितलं होतं आणि पाच गाठींची दोरी दाखवली होती. मुलीचा हात कानाला पोचत नव्हता, तो मी पोचवला. शाळेचा पट आणि माझी जागा टिकवण्यासाठी मी चुकीची तारीख लिहिली आणि आधीच्या पत्रात पालकांविषयी असत्य लिहिलं. लिहून झाल्यावर कागद कपाटात ठेवला. चार दिवस तो तिथंच होता. कुठं द्यायचा? काम तर होऊन गेलं होतं.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "गुरुजी, परवा येळवस हाय. आईनं रानात जेवायला बोलीवलंय तुमाला."

बोलावणं कशासाठी, ते मी विचारलं नाही. रजेचा अर्ज टाकला आणि मोटारसायकलवर निघालो. गंगाखेड सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं रानात निघालेली. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर धुतलेली फडकी, मडक्यांना चुना आणि कावेचे पट्टे. हरभरा फुलावर होता. मी दोनदा गाडी थांबवली, उगाच. एकदा तर परत वळवलीसुद्धा, आणि पुन्हा सरळ केली.

कोपी ज्वारीच्या कडब्याची, पाच पेंढ्यांची, वर घोंगडी टाकलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. बाहेर सतरंजीवर दहा-बारा माणसं बसलेली: तिचा नवरा, सासरचे, शेजारच्या रानातले. आई कोपीच्या तोंडाशी बसली होती. आता केस पूर्ण पांढरे. मला बघून म्हणाली, "या गुरुजी. लय वाळलात."

मी बसलो नाही. खिशातून कागद काढला आणि म्हणालो, "मावशी, हे तुमच्यासाठी लिहिलंय."

"मला कुठं वाचता येतंय? वाचा की."

"इथं?"

"मग? कागद सगळ्यांसमोरच झालाय की तो. आई खोटं बोलली म्हणून गावभर झालंय. हे बी सगळ्यांसमोरच वाचा."

मी वाचला. रोज परिपाठाला वाचतो तसा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. 'तो मी पोचवला' इथं मी थांबलो. आई म्हणाली, "वाचा, वाचा." शेवटपर्यंत वाचलं. मग शेजारच्या रानातला एक म्हातारा म्हणाला, "आरं, म्हंजी गुरुजींनीच कॉपी केली व्हय परीक्षेत!" दोघं-तिघं हसले. लेक हसली नाही. ती आंबिलाच्या मडक्यावरचं फडकं नीट करत होती.

मी हात जोडले. आई म्हणाली, "हात खाली घ्या गुरुजी. हे तवाच लिवलं असतं तर बरं झालं असतं. निदान दिवाळीनंतर तरी." एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी त्याची वाट बघत उभा होतो हे मला कबूल केलं पाहिजे.

मग तिनं पिशवीतून दोरी काढली. तीच. पण आता लांब झालेली, जागोजागी नवा वाख जोडून वाढवलेली. जुना भाग हात लागून काळा, गुळगुळीत झालेला. शेवटची गाठ टोकाशी आली होती, नवी मारायला जागा नव्हती.

"वाख जोडावा लागंल. धरा हिकडनं," ती मला म्हणाली. "घट. ढिली सोडू नगा, न्हाईतर पीळ उलगडतो."

मी टोक धरलं. तिनं मांडीवर पदर सारून नवा वाख जुन्यात मिसळला आणि तळव्यानं पीळ द्यायला सुरुवात केली. दोरी माझ्या मुठीत फिरायला बघत होती, मी ती फिरू देत नव्हतो. बोटं दुखायला लागली. लेक शेजारी येऊन बसली आणि गाठी मोजायला लागली, लहानपणी पाढे म्हणायची तशा आवाजात. चौतीस झाल्यावर आईनं पस्तिसावी गाठ मारली, दातानं ओढली आणि दोरी पिशवीत ठेवली.

जेवलो. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. वाढताना लेक म्हणाली, "गुरुजी, ह्या कागदाचं आता काय करायचं?" मी म्हणालो, त्याच्या प्रती घेऊन आलोय. एक तुला. एक त्या ऑफिसला, एक माझ्या खात्याला, मी स्वतः देणार. जागा परत मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण तहसिलातून जन्माची नोंद खरी करून घेता येईल, तिथं हा लागेल. ते प्रकरण आता तहसिलात चालू आहे, त्याच्या तारखांना मी तिच्यासोबत जातो. अजून निकाल लागलेला नाही. माझ्या खात्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं, त्याला मी तोच कागद जोडून उत्तर दिलं. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मित्र म्हणतो, वेडे आहात. असेन.

यंदाचा एक जून आला. फोन थरथरायला लागला. या वेळी मी अंगणात गेलो नाही, फोन हातात घेऊन खुर्चीवर बसलो. केक, फुगे, हात जोडलेली चित्रं. "तुला बी, मला बी." तिच्या नावानंही पाच-सहा शुभेच्छा आल्या. साडेसातच्या सुमारास तिनं लिहिलं, "माझा आज न्हाई. येळवशीला हाय."

मी ते दोनदा वाचलं.

मग पुण्याला गाडी चालवणाऱ्यानं लिहिलं, "मग माझा कवा हाय?" कुणी तरी हसणारं चित्र टाकलं. दुसरीनं लिहिलं, "आई म्हणती मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी." तिसऱ्यानं लिहिलं, "माझी आई गेली. गुरुजी, तुमाला म्हाईत असंल ना? तुमीच लिवलंय."

मी वही काढली. कोरं पान उघडलं. वर त्याचं नाव लिहिलं आणि त्याला कुणी आणलं होतं शाळेत, काय म्हणाली होती ती बाई, हे आठवायचा प्रयत्न करायला लागलो. ती काहीतरी म्हणाली होती, एवढं पक्कं आठवतं. मी ऐकलं नव्हतं.

फोन अजून थरथरतोय.